फ्रीजरमधला आबांचा कोंबडा

गोठवलेला कोंबडा किती दिवस खाण्यालायक राहतो, या विषयावर अख्ख्या पेण शहरात माझ्याइतके सल्ले कोणी ऐकले नसतील. मी पतपेढीत कारकून आहे. माझा आणि शास्त्राचा संबंध दहावीलाच संपला, तोही दोघांच्या संमतीने. तरी गेलं वर्षभर लोक मला रस्त्यात थांबवून, "काय गणेशराव, कोंबडा कसा आहे?" असं विचारायचे. माझ्या प्रकृतीची चौकशी त्यानंतर व्हायची, झालीच तर.

कोंबडा आबांचा होता. आबा म्हणजे माझे वडील, महिपती. रोह्याच्या पुढे कोलाडच्या वाटेवर आमचं गाव. आधी भात आणि भातानंतर वाल, एवढीच तिथली शेती आणि एवढाच आबांचा संसार. वालाच्या शेंगा भरल्या की आमच्याकडे पोपटी लावतात. मडक्यात भांबुर्डीचा पाला, शेंगा, ओवा, खडेमीठ आणि मधोमध केळीच्या पानात गुंडाळलेला मसाल्याचा कोंबडा. मडकं शेतात पालथं घालायचं आणि भोवती पेंढा पेटवायचा. मडक्यावर पाणी शिंपडलं आणि ते चर्र करून उडालं की पोपटी झाली. हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही कळतं.

आबांना तेवढं कळत नव्हतं. पाणी उडालं, सगळे "काढा, काढा" म्हणायला लागले, की आबा हात वर करायचे आणि म्हणायचे, "थांबा. आजून येक पेंढी." त्या एका पेंढीने दरवर्षी शेंगांचा कोळसा व्हायचा आणि कोंबड्याचं सरपण. मग आबा एकेकाच्या तोंडाकडे बघत विचारायचे, "कशी झालीय?" आणि आम्ही काळे ओठ पुसत म्हणायचो, "झकास." आपल्यासारखी पोपटी पंचक्रोशीत कोणाला लागत नाही, अशी आबांची समजूत होती. ती मोडायची कोणाची छाती नव्हती. आईची असावी, पण तिला ती मोडायची नव्हती.

माझा धाकटा भाऊ सुजय आखातात एका कंपनीत आहे. त्याला वर्षातून एकदा रजा मिळते. तो पौषात येणार म्हणून आबांनी गणपतीपासून एक कोंबडा राखला होता. हा कोंबडा स्वभावाने मामलेदार होता. अंगणात कोणी कुठे बसायचं ते तो ठरवायचा आणि मला तर तो ओट्यावरसुद्धा बसू देत नसे. पण ऐन पौषात मुंगसाने दोन कोंबड्या नेल्या. सुजयच्या आधी मुंगूस जेवून जायला नको म्हणून आबांनी कोंबडा कापला, जाळावर भाजून साफ केला, हळदमीठ चोळलं, गुंडाळून सुतळीने बांधला आणि डब्यात घालून एसटीने पेणला आमच्याकडे आणला. गावच्या फ्रीजवर त्यांचा विश्वास नव्हता, कारण गावच्या विजेवर नव्हता. डबा माझी बायको अनिता हिच्या हातात देऊन ते म्हणाले, "सुजय आला का ह्यो घिऊन या. त्याच्याबिगर हात लावायचा नाय." चहा घेतला आणि मिळेल त्या गाडीने परत गेले. ती त्यांची आमच्या घरातली शेवटची खेप.

सुजयच्या कंपनीत शटडाऊन, म्हणजे मोठ्या दुरुस्तीचं काम, निघालं आणि रजा रद्द झाली. पुढे माघात एका दुपारी आबा वालाच्या शेताच्या बांधावर टेकले ते उठलेच नाहीत. सुजयने अंत्यविधी फोनच्या पडद्यावर बघितला. कंपनी सोडत नव्हती, आणि सोडती तोवर दहावंही होऊन गेलं असतं. तो फोनवर हमसून रडायला लागला तेव्हा आईनेच त्याला सांगितलं, की आता धावत येऊन कोणाचं तोंड बघणार आहेस, वर्षश्राद्धाला नीट रजा घेऊन ये. आई हे न रडता बोलली. मला ते तिच्या रडण्याहून जड गेलं.

तेरावं झालं आणि आईला मी पेणला आणलं. एके दिवशी ती बर्फ काढायला म्हणून फ्रीजरकडे गेली. बराच वेळ फ्रीजरचं दार उघडंच होतं. वीज वाया जाते हे सांगायला मी आत गेलो, तर ती त्या गोठलेल्या पुडक्यावर हात ठेवून उभी. पुडक्याला आबांनी नेहमीसारखी सुतळीची दुहेरी गाठ मारली होती.

"ह्यो त्यांनी आनला तोच ना?" तिने विचारलं. मी मान हलवली. ती म्हणाली, "मंग ऱ्हाऊ दे. सुजय येल, वालाच्या शेंगा असतील, तवा ह्याची पोपटी लावायची आनि त्याच्या पानावर वाढायची. तवर मी वशाट खायची नाय."

वशाट म्हणजे मासे, मटण, सगळंच. जी बाई सुक्या बोंबलाच्या एका तुकड्यावर आजारातून उठायची, ती हे म्हणत होती. सुजयची रजा पुढच्या माघात, शेंगाही तेव्हाच. म्हणजे कोंबडा वर्षभर टिकला पाहिजे. टिकला नाही तर आई उरलेलं आयुष्य वरणभातावर काढणार, हे मला तिच्या तोंडावरून कळलं. ती हट्टी आहे असं नाही, ती फक्त बोललेलं विसरत नाही.

आमच्या समोरच्या ब्लॉकमध्ये गोपाळकृष्ण सर राहतात. शाळेत चाळीस वर्षं शास्त्र शिकवलेले गृहस्थ, आणि सात पिढ्यांत घरात अंडंसुद्धा आलेलं नाही. तरी कोंबड्याची हकीकत कानावर जाताच त्यांनी तो विषय वर्गात घ्यावा तसा घेतला. जंतू मरत नाहीत, झोपतात, असं त्यांनी सांगितलं. उणे अठरा अंशांच्या खाली ते गाढ झोपतात. तेव्हा आपला फ्रीजर किती अंशांवर आहे, हा खरा प्रश्न. त्यासाठी ते शाळेतला जुना थर्मामीटर घेऊन आले. तो उणे दहाच्या खाली वाचतच नव्हता. त्यामुळे आमचा फ्रीजर उणे दहापेक्षा थंड आहे, पण किती ते परमेश्वरालाच ठाऊक, एवढं शास्त्रीय सत्य हाती लागलं आणि सरांनी पुण्याच्या भाच्याकडून नवं यंत्र मागवलं.

तोवर बाकीच्या इमारतीनेही आपापली मतं नोंदवली. तळमजल्यावरच्या गृहस्थांच्या मते कोंबडा तीन महिन्यांत विषारी होतो. त्यांच्या सौभाग्यवतींच्या मते तो मुळात विषारीच असतो. मोबाइलमध्ये बघावं तर अख्खा कोंबडा वर्षभर, तुकडे असतील तर नऊ महिने. यावर जिन्यात वाद झाला, की डोकं आणि पाय नसलेला कोंबडा अख्खा धरायचा की तुकडा. बहुमत तुकड्याच्या बाजूने गेलं. माझा कोंबडा, माझे वडील, आणि मतदान मात्र जिन्यात! त्या रात्री मला जेवण गेलं नाही.

शेवटी खात्रीने विचारावं म्हणून अन्नसुरक्षेच्या सरकारी कार्यालयात गेलो. तिथल्या साहेबांनी मला खुर्ची दिली, यावरूनच काहीतरी घोटाळा आहे हे ओळखायला हवं होतं. त्यांनी विचारलं, आपण विकणारे की बाधा झालेले? मी म्हटलं, दोन्ही नाही. मग माल कुठून घेतला? म्हटलं, वडिलांनी दिला. मग तक्रार वडिलांविरुद्ध आहे का? मी म्हटलं, नाही हो, ते वारले. साहेब एकदम सावरून बसले आणि हळू आवाजात विचारते झाले, "हाच कोंबडा खाऊन?"

खुर्चीचा उलगडा झाला. त्यांना वाटलं होतं, बातमी होण्यासारखं काहीतरी आलंय. मी सगळं पहिल्यापासून सांगितलं. ऐकता ऐकता साहेबांनी पेनाला टोपण लावलं आणि मला खाली चहाच्या टपरीवर घेऊन गेले. तिथे ते माणसासारखं बोलले. म्हणाले, सतत दगडासारखा कडक राहिला असेल तर वर्ष झालं तरी खाऊन माणूस आजारी पडत नाही. फक्त मध्ये विरघळू द्यायचा नाही, आणि विरघळला तर परत गोठवायचा नाही. "धोका नाही त्यात. पण मांस सुकत जातं, चव राहत नाही. तेवढी मात्र अपेक्षा ठेवू नका," असं म्हणून त्यांनी मला चहा पाजला. मी चवीचा विचारच केला नव्हता.

विरघळू द्यायचा नाही, हे चहा पिताना सोपं वाटतं. वैशाखात आमच्या भागाचा ट्रान्सफॉर्मर जळाला. वीज मंडळाच्या फोनवर एक बाई आपला कॉल महत्त्वाचा आहे असं सांगायची आणि ठेवून द्यायची. दुपार चढली तशी आई फ्रीजसमोर पाट टाकून बसली आणि दाराला कोणाला हात लावू देईना. धरमतरच्या बाजूला खाडीवर बर्फाच्या कारखान्यात काळुराम म्हणून आमच्या पतपेढीचे सभासद आहेत. त्यांना फोन केला. कोंबडा थर्माकोलच्या खोक्यात ठेवला, उन्हाची झळ लागू नये म्हणून अनिताने खोक्याभोवती आबांचा जुना पांढरा पंचा घट्ट बांधला, आणि खोकं मांडीवर घेऊन मी मिनिडोरमध्ये बसलो. सहा जणांच्या त्या रिक्षात नऊ जण होते.

समोरच्या बाईने विचारलं, काय आहे त्यात? मी सल्ल्यांना इतका विटलो होतो, की कोंबड्याचं नावच नको म्हणून म्हटलं, "वडिलांचं आहे."

तिने पांढऱ्या पंचाकडे बघितलं, माझ्या तोंडाकडे बघितलं आणि हात जोडले. शेजारच्याने टोपी काढली. ड्रायव्हरने गाणं बंद केलं. इतका वेळ मला कोपराने ढोसणारा माणूस अंग चोरून बसला. एका म्हाताऱ्याने विचारलं, कधी गेले? मी म्हटलं, माघात. तो म्हणाला, "उशीर झाला, पन खाडीवर नेतोयस ना बाबा, पोचवलंस म्हंजे झालं."

आता खरं सांगायला हवं होतं. तोंड उघडलं आणि माझ्या लक्षात आलं, की मी रडतोय. आबा गेल्यापासून माणसं, फुलं, भटजी, जेवणावळ यांच्या धावपळीत मला रडायला सवडच झाली नव्हती. ती वैशाखातल्या दुपारी, मांडीवर कोंबडा घेऊन, परक्या माणसांत मिळाली. खोक्यातून पाणी ठिबकत होतं आणि कोणी त्याबद्दल एक अक्षर काढलं नाही. उतरताना ड्रायव्हरने भाडं घेतलं नाही.

काळुरामांनी कोंबडा मासळीच्या बर्फात खोल पुरला. मी बोटाने दाबून बघितला होता, दगडासारखा कडक होता. वीज आल्यावर तो घरी आला तेव्हा त्याला पापलेटाचा वास येत होता, पण सरांच्या नव्या यंत्राने त्याला निर्दोष ठरवलं.

आषाढात गटारी आली. इमारतीत घरोघर मसाल्याचा वास. श्रावण लागायच्या आधी आईचं मन वळेल म्हणून मी ताजं चिकन आणलं, अनिताने रस्सा केला. आई शेजारी बसून वरणभात जेवली आणि मला वाढून घे म्हणत राहिली. मी दोन घास खाल्ले. अनिताने उरलेला रस्सा खालच्या वॉचमनला दिला.

आणि ऐन गणपतीच्या तोंडावर फ्रीज बंद पडला. मेकॅनिकने मागे डोकं घातलं, बाहेर काढलं आणि कॉम्प्रेसर गेला असं जाहीर केलं. पेणमध्ये त्या दिवसांत प्रत्येक माणूस गणपतीच्या कामात असतो. नवा कॉम्प्रेसर विसर्जनानंतर. मी घरोघर फिरलो. पण सगळ्यांकडे गणपती येणार, तेव्हा कोंबडा कोण ठेवून घेणार? कोणी दार अर्धंच उघडलं, कोणी फ्रीज भरलाय म्हणाले. मी कोणाला दोष देत नाही, मीही ठेवून घेतला नसता. जिन्यात पुडकं घेऊन उभा होतो तेव्हा समोरचं दार उघडलं आणि सरांच्या पत्नी, वत्सलाकाकू, बाहेर आल्या.

"आणा इकडे," त्या म्हणाल्या.

मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं. म्हटलं, काकू, तुमच्याकडे दीड दिवसाचा गणपती आहे. काकू म्हणाल्या, गणपती बैठकीच्या खोलीत असतो, फ्रीज स्वयंपाकघरात. आणि तुमच्या आईचं, हौसाबाईंचं, काय चाललंय ते त्याला दिसत नाही असं वाटतं का तुम्हाला? त्यांनी डोळे मिटून पुडकं हातात घेतलं, एका डब्यात घातलं, तो दुसऱ्यात आणि तो तिसऱ्यात. मग सोललेल्या मटारशेजारी ठेवला आणि डोक्यावरून आंघोळ करून मोदकांची पिठी मळायला बसल्या. सर दिवसातून तीनदा तापमान बघत होते. त्यांच्या सात पिढ्या वरून बघत असतील तर काय म्हणत असतील कोणास ठाऊक.

त्या दिवशी आई पहिल्यांदाच त्यांच्या स्वयंपाकघरात गेली. दोघी किती वेळ बोलत होत्या आणि काय, ते मला कळलं नाही. येताना आईचे डोळे सुजलेले होते आणि हातात मोदकांचं ताट होतं.

माघात सुजय आला. वर्षश्राद्ध गावी झालं. आबांच्या जागी बसून त्याने सगळं केलं. घरात आल्यापासून तो आबांच्या खुंटीकडे बघायचं टाळत होता. दुसऱ्या दिवशी पोपटी ठरली. सरांच्या आज्ञेनुसार कोंबडा आदल्या दिवसापासून फ्रीजच्या खालच्या कप्प्यात सुटत होता आणि मी तो त्या सकाळी पेणला जाऊन गावापर्यंत बर्फात घालून आणला होता. आधी मी एकट्याने खावं, दोन तास थांबावं, मगच बाकीच्यांनी खावं, अशीही त्यांची सूचना होती. माझ्या जिवाबद्दल सर शास्त्रीय दृष्टीने विचार करतात.

आईने सुतळीची गाठ नखांनी सोडवली, कापू दिली नाही. कोंबड्याचा रंग गेला होता, कडा पांढुरक्या आणि सुकलेल्या. वास मात्र चांगला होता. साहेब म्हणाले होते ते खरं होतं. आईने मसाला लावला.

आबा जिथे मडकं मांडायचे तिथेच मांडलं. पेंढा पेटला. जाळ या खेपेला माझ्या हातात होता, आणि खरं सांगतो, आयुष्यात एकदा तरी न करपलेली पोपटी खायची माझी फार इच्छा होती. शिवाय कोंबडा आधीच सुकलेला. मी पाणी शिंपडलं. चर्र झालं, थेंब उडून गेला.

"झाली," मी म्हटलं. "सुजय, काढ."

सुजय काठी घेऊन पुढे झाला. आई मागे बांधावर बसली होती, आबा टेकले होते त्याच बांधावर.

"थांबा," ती म्हणाली. "आजून येक पेंढी."

आम्ही दोघं तिच्याकडे बघत राहिलो. ती जाळाकडे बघत होती. अनिताने बाजूची पेंढी उचलून माझ्या हातात दिली. मी ती घातली, आणि पूर्ण जळू दिली.

मडकं फोडलं तर तळाच्या शेंगांचा कोळसा. कोंबडा तर असा झाला होता, की केळीचं पान कुठे संपतं आणि तो कुठे सुरू होतो ते कळत नव्हतं. आईने पहिला तुकडा सुजयच्या पानावर वाढला, मग आम्हाला, मग स्वतःच्या. वर्षानंतर तिने वशाट तोंडात घातलं. चघळत राहिली. मीही चघळत राहिलो. चव नावाला नव्हती. दोन तास थांबायचं कोणाच्या डोक्यातही आलं नाही.

सगळे चघळत होतो आणि सगळे कशाची तरी वाट बघत होतो. या वेळी एक प्रश्न यायचा. तो विचारणारं माणूस नव्हतं, म्हणून आम्ही खाली माना घालून नुसते खात होतो.

मग आईनेच विचारलं, "कशी झालीय?"

सुजयने मान वर केली. त्याच्या ओठांना कोळसा लागला होता आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं. त्याने घास गालात सारला.

"झकास झालीय, आबा," तो म्हणाला.

आईने त्याच्या पानावर आणखी एक तुकडा वाढला.